न पाहिलेलें गांव

वऱ्हाडांत नवी ओळख झाली कीं नांव विचारून झाल्यावर दुसरा प्रश्न येतो तो "गांव कोणतें?" हा. उत्तर देणारा नोकरीनिमित्त अकोल्यास राहत असो वा अमरावतीस, तो आपलें मूळचें गांव सांगतो. तेथें त्याची दोन एकर कां होईना जमीन असते, पडकें कां होईना घर असतें, आणि यांपैकीं कांहींच उरलें नसलें तरी निदान कुलदैवत असतें. वर्षांतून एकदां जाऊन नारळ फोडला म्हणजे मूळ शाबूत असल्याचें समाधान त्याला मिळतें. परंतु हाच प्रश्न अमरावतीच्या रामपुरी कँपांत किंवा अकोल्याच्या सिंधी कँपांत वाढलेल्या मुलाला विचारावा, तो क्षणभर घुटमळतो. त्याचा जन्म येथला, शाळा येथली, खेळगडी येथले. वऱ्हाडी बोली तो सहजगत्या बोलतो. पण घरांत वडील माणसें शिकारपूर, लाडकाणा, सक्कर, हैद्राबाद अशीं नांवें घेतात आणि मध्येंच गप्प होतात. आपल्या घराण्याला ज्या गांवाचें नांव चिकटलें आहे तें आपण पाहिलेलें नाहीं आणि बहुधा पाहणारहि नाहीं, ही जाणीव घेऊन वाढणाऱ्या मुलांचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

अशीं मुलें जगांत इतरत्रहि आहेत. १९७५ च्या एप्रिलमध्यें सायगांव पडलें आणि पुढील वीस वर्षांत सुमारें ८ लाख व्हिएतनामी माणसें लहानमोठ्या नावांतून समुद्र ओलांडून परक्या किनाऱ्यांना लागलीं. त्यांचीं मुलें अमेरिकेंत, ऑस्ट्रेलियांत, कॅनडांत, फ्रान्समध्यें वाढलीं. १९८६ नंतर त्या देशानें आपलीं दारें हळूहळू उघडलीं, तेव्हां हीं मुलें मोठीं होऊन आजीच्या गावीं जाऊं लागलीं. आपल्याच भाषेंत बोलतांना त्यांचे उच्चार परक्यासारखे होत. परंतु त्यांना विमानाचें तिकीट काढून जातां तरी आलें, घर ओळखतां आलें, पितरांच्या स्थानीं उदबत्ती लावतां आली. सिंधी मुलाचें दुःख याहून एक पायरी खोल आहे. त्याचें गांव अंतरानें कितीतरी जवळ. पण मध्यें जी सरहद्द आहे ती समुद्राहून दुस्तर ठरली आहे.

महाराष्ट्राचा आणि सिंधचा संबंध वास्तविक जुना. १८४३ सालीं इंग्रजांनीं सिंध जिंकला आणि १८४७ सालीं तो मुंबई इलाख्यास जोडला. तेव्हांपासून १ एप्रिल १९३६ रोजीं सिंध स्वतंत्र प्रांत होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षें, पुणें आणि कराची हीं एकाच इलाख्यांतलीं शहरें होतीं. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजचा विद्यार्थी मुंबई विद्यापीठाची परीक्षा देई आणि पुण्याच्या फर्ग्युसनचा विद्यार्थीहि तीच देई. एका घरांतल्या दोन खोल्यांइतकें तें सान्निध्य होतें. मात्र शेजारच्या खोलींत काय बोलतात याची चौकशी आपण क्वचितच केली.

१९४७ सालीं फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल या प्रांतांचे दोन दोन तुकडे झाले आणि त्यांपैकीं एकेक तुकडा हिंदुस्थानच्या वाट्याला आला. त्यामुळें लाहोर सोडून आलेल्या पंजाबी माणसाला निदान अमृतसर उरलें आणि ढाका सोडणाऱ्याला कलकत्ता उरलें. सिंधचा तुकडा पडला नाहीं. तो प्रांत अखंड पाकिस्तानांत गेला. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणें तेथें १२ लाखांच्या वर हिंदु होते. त्यांपैकीं पुष्कळजण प्रथम निघालेच नाहींत. चार दिवसांनीं सर्व सुरळीत होईल अशी त्यांची समजूत होती. परंतु ६ जानेवारी १९४८ रोजीं कराचींत दंगल उसळली आणि धीर सुटला. त्यानंतर बोटीमागून बोटी भरून माणसें मुंबईच्या धक्क्यावर उतरूं लागलीं. कोणी आगगाडीनें राजपुतान्यांत आलीं. इकडून गेलेल्या निर्वासितांनीं तिकडचीं ओस घरें भरलीं. दोन्ही बाजूंना कोणी ना कोणी आपलें अंगण गमावून दुसऱ्याच्या अंगणांत उभा होता.

आलेल्यांना ठेवावयाचें कोठें? महायुद्ध नुकतेंच संपलें होतें आणि लष्करासाठीं उभारलेल्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या. कल्याणजवळच्या अशाच लष्करी तळावर निर्वासितांना जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनीं तेथें नव्या वसाहतीची कोनशिला बसविली. तेंच आजचें उल्हासनगर. वऱ्हाड त्या वेळीं मध्यप्रांताबरोबर होता. नागपूरची जरीपटका, अमरावतीचा रामपुरी कँप, अकोल्याचा सिंधी कँप या वस्त्या त्याच लोंढ्यांतून उभ्या राहिल्या. अकोल्याच्या सिंधी कँपांत 'कच्ची खोली' आणि 'पक्की खोली' अशीं भागांचीं नांवें आहेत. तेवढ्या दोन नांवांत त्या वस्तीचा सारा प्रपंच आला. अचलपुरास 'कँप' हा शब्द नवा नाहीं. परतवाड्याच्या बाजूला पूर्वीं लष्करी छावणी होती, म्हणून त्या भागाला आजहि अचलपूर कँप म्हणतात. छावणी म्हणजे चार दिवसांचा मुक्काम. निर्वासितांच्या छावण्यांतल्या चार दिवसांचीं पाऊणशें वर्षें उलटून गेलीं, आणि छावणीचें नांव तेंच राहिलें.

या छावण्यांतलें बाळपण कसें गेलें असेल? त्या पिढीनें लिहिलेल्या आठवणी वाचल्या म्हणजे कांहीं गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. बराकींत पोत्याचे पडदे लावून चार कुटुंबें राहत. ज्यांच्या घरीं पूर्वीं गुमास्ते होते त्यांच्या बायका पापड लाटीत आणि मुलें तीं डब्यांत घालून दारोदार विकीत. आगगाडीच्या डब्यांतून गोळ्या, कंगवे, सुईदोरा विकणारीं पोरें दिवसां धंदा करून रात्रीं कंदिलाच्या उजेडांत धडे वाचीत. भीक मागावयाची नाहीं असा घराघरांत दंडक होता. 'शरणार्थी' हा सरकारी शब्द त्यांना बोंचे. आम्ही शरण आलेले नाहीं, पुरुषार्थ करून उभे राहणारे आहों, या अभिमानानें त्यांनीं आपल्याला 'पुरुषार्थी' म्हणवून घेतलें. बाजारांत हीं माणसें थोड्या नफ्यावर माल विकूं लागलीं तेव्हां जुन्या दुकानदारांनीं नाकें मुरडलीं, आणि ती मुरड शाळेंतल्या बाकापर्यंत पोंचली. मुलाच्या आडनांवाची टवाळी झाली, त्याच्या बोलण्याची नक्कल झाली. मुलानें त्यावर एक सोपा उपाय शोधला. त्यानें घराबाहेर सिंधी बोलणें सोडलें. कांहीं वर्षांनीं घरांतहि सोडलें.

वडील माणसांनीं त्याला अडविलें नाहीं. ज्यांनीं सर्वस्व गमावलें तीं माणसें गमावलेल्याविषयीं बोलत नाहींत, असा अनुभव आहे. दुकान चालावें, मुलगा शिकावा, मुलगी चांगल्या घरीं पडावी, एवढ्यांतच त्यांचा दिवस सरला. वाड्याची किल्ली कोणी जपून आणली होती. ती पेटीच्या तळाशीं राहिली. मुलानें "ही कशाची?" म्हणून विचारलें तर "जुनी आहे" एवढेंच उत्तर मिळे. दुःख पुढच्या पिढीला द्यावयाचें नाहीं, हा हेतु प्रेमाचाच होता. पण दुःखाबरोबर गांवहि गेलें, नदीहि गेली, आणि आजोबा कोण होते हेंहि गेलें.

तरी एक नांव मात्र त्या मुलाच्या कानीं रोज पडे. शाळेंत राष्ट्रगीत सुरू झालें कीं त्यांत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांचीं नांवें येतात आणि त्यांत सिंध येतो. भूगोलाच्या नकाशांत तो प्रांत सरहद्दीपलीकडे. गाण्यांत मात्र अलीकडे. तो शब्द गीतांतून काढावा असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढें गेला होता. २००५ सालीं न्यायालयानें तो फेटाळला. ज्यांना आपलें म्हणावें असें एकहि राज्य या देशांत मिळालें नाहीं, त्यांना त्या एका शब्दाचें मोल किती असेल याची कल्पना १९६० सालीं आपलें राज्य मिळालेल्या मराठी माणसानें सहज करावी.

आतां भाषेचा प्रश्न. राज्य नसलेल्या भाषेचे कसे हाल होतात याचें सिंधी हें उत्तम उदाहरण होय. इंग्रज सरकारनें १८५३ सालीं सिंधीसाठीं अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपि ठरवून दिली आणि शाळा, कचेऱ्या, ग्रंथ यांत ती रूढ झाली. तत्पूर्वीं व्यापारी आपल्या वह्या निराळ्याच लिपींत, बहुधा मात्रा न देतां, लिहीत. निर्वासित होऊन आल्यावर प्रश्न पडला कीं मुलांना शिकवावें कोणत्या लिपींत? अरबी लिपि ठेवावी तर ती येथल्या शाळेंत परकी. देवनागरी घ्यावी तर शाह अब्दुल लतीफ, सचल आणि सामी यांचें काव्य ज्या पुस्तकांत आहे तीं पुस्तकें मुलांना बंद. या प्रश्नावर विद्वानांत वर्षानुवर्षें वाद झाला आणि अखेर दोन्ही लिपी मान्य झाल्या. परिणाम असा झाला कीं आजोबा उजवीकडून डावीकडे लिहितात, नातू डावीकडून उजवीकडे लिहितो, आणि दोघांच्या पत्रांची गांठ मधल्या कोऱ्या जागींहि पडत नाहीं.

देवनागरीनें सिंधीला आपलेंसें करण्याचा प्रयत्न अवश्य केला. सिंधींत चार ध्वनि असे आहेत कीं ते उच्चारतांना श्वास बाहेर न सोडतां किंचित् आंत ओढावा लागतो. मराठींत ते नाहींत. त्यांच्यासाठीं अक्षराखालीं रेघ देऊन ॻ, ॼ, ॾ, ॿ अशीं चिन्हें करण्यांत आलीं. सिंधींत गांवाला 'ॻोठु' म्हणतात, आजोबांना 'ॾाॾो' म्हणतात आणि लेंकराला 'ॿारु' म्हणतात. गांव, आजा आणि मूल, या तिन्ही शब्दांचा पहिला ध्वनि असा आहे कीं तो लहानपणीं घरांत ऐकला नाहीं तर मोठेपणीं जिभेवर बसणें फार कठीण. ज्या घरांत हे ध्वनि दोन पिढ्या उमटले नाहींत त्या घरांतून ते निघून गेले असें समजावें. सरहद्दीपलीकडे राहिलेलें घर निदान कोणाच्या तरी उपयोगीं पडलें. जिभेवरून उतरलेला ध्वनि कोणाच्याच उपयोगीं पडत नाहीं.

सरकारनें कांहीं केलें नाहीं असें नाहीं. साहित्य अकादमीनें १९५७ सालीं सिंधीला मान्यता दिली. सिंधी ग्रंथाला अकादमीचें पहिलें पारितोषिक १९५९ सालीं तीरथ वसंत यांच्या 'कंवर' या चरित्राला मिळालें. १० एप्रिल १९६७ रोजीं घटनेच्या आठव्या परिशिष्टांत सिंधीचा समावेश झाला. निर्वासितांनीं स्वतः तर संस्थाच्या संस्था नव्यानें उभारल्या. डी. जे. सिंध कॉलेज सोडून आलेल्या अध्यापकांनीं १९४८ सालीं मुंबईस जयहिंद कॉलेज काढलें. सिंध हैद्राबादचें नॅशनल कॉलेज १९४९ सालीं वांद्र्यास पुन्हा सुरू झालें आणि त्याच मंडळानें १९५४ सालीं के. सी. कॉलेज स्थापिलें. परंतु पाठशाळा कितीहि असल्या तरी घराची जागा त्या घेऊं शकत नाहींत. २०११ च्या शिरगणतींत सिंधी ही मातृभाषा म्हणून सांगणारे लोक सुमारें २७ लाख ७२ हजार होते. त्यांतले किती जण तींत चिठ्ठी लिहूं शकतात, हा आंकडा शिरगणती सांगत नाहीं. तो ज्याचा त्यानें आपल्या घरांत मोजावयाचा आहे.

येथें कोणी म्हणेल, विसरलें तर बिघडलें कोठें? मुलगा मराठी झाला, सुखानें नांदतो, पुरे. आक्षेप वरवर शहाणपणाचा दिसतो. पण मराठी माणसानें तो घेण्यापूर्वीं आपल्याच घरांतली पेटी उघडावी. वऱ्हाडांतल्या जुन्या वाड्यांत मोडी कागदांचे रुमाल बांधलेले असतात. पणजोबांच्या हातचीं पत्रें, खरेदीखतें, मुंजीचे जमाखर्च त्यांत असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकविली जाणारी मोडी पुढें बंद झाली आणि आज घरांतला पदवीधर तो रुमाल सोडतो, पाहतो आणि पुन्हा बांधतो. आपण तर गांव सोडलें नाहीं, आपल्यावर कोणी चालून आलें नाहीं. तरी दोन पिढ्यांत आपण आपल्याच पणजोबांस निरक्षर झालों. भाषा पायांखालच्या भुईसारखी आपल्याजवळ राहिली म्हणून ही हानि आपल्याला जाणवत नाहीं एवढेंच. सिंधी मुलाची लिपि गेली, भाषा जात आहे आणि भुई तर आधींच गेली. तंजावरास सतराव्या शतकांत गेलेलीं मराठी कुटुंबें अजून घरांत मराठी बोलतात, हें ऐकून आपल्याला भरून येतें. तीं तामीळ उत्तम बोलतात म्हणून त्यांचें मराठीपण कमी झालें नाहीं आणि मराठी जपली म्हणून तंजावरचें कांहीं बिघडलें नाहीं. जो न्याय तंजावरच्या मराठ्यास, तोच अमरावतीच्या सिंध्यास लावावा.

समाधानाची गोष्ट ही कीं तुटलेले धागे कांहीं जण पुन्हा वळीत आहेत. पोपटी हिरानंदानी हैद्राबादेस १९२४ सालीं जन्मल्या, निर्वासित होऊन मुंबईस आल्या आणि के. सी. कॉलेजांत सिंधी शिकवीत राहिल्या. त्यांच्या आत्मचरित्राला १९८२ सालीं अकादमीचें पारितोषिक मिळालें. ही झाली पाहिलेल्या गांवाची आठवण. न पाहिलेल्या गांवाचा शोध पुढच्या पिढीनें घेतला. पुण्यास राहणाऱ्या साज अगरवाल यांनीं आपल्या आईच्या आठवणी टिपून घेण्यास सुरवात केली. त्यांत इतरांच्या आठवणींची भर पडत गेली आणि २०१२ सालीं त्यांचें सिंधवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें. मुंबईच्या नंदिता भवनानी यांनीं सिंधी हिंदूंच्या स्थलांतराचा सविस्तर इतिहास २०१४ सालीं लिहिला. मुलीनें आईला विचारावें आणि आईनें प्रथमच मन उघडावें, एवढ्या साध्या गोष्टींतून इतिहास उभा राहतो.

दुसरा धागा सणाचा. गुढीपाडव्याच्या पाठोपाठ चैत्र शुद्ध द्वितीयेस सिंधी लोकांचा चेटीचंड येतो. आपल्या दारची गुढी उतरते न उतरते तों शेजारच्या गल्लींत झूलेलालाची बहिराणा निघते. कणकेचा दिवा वाजत गाजत पाण्याकडे नेला जातो. सिंधू नदी नाहीं तर तळें, तळें नाहीं तर विहीर. पण पाण्याला नमस्कार चुकत नाहीं. वऱ्हाडांतल्या सिंधी वस्त्यांतून संत कंवरराम यांचें नांव आजहि भक्तीनें घेतलें जातें. १८८५ सालीं जन्मलेले हे भगत पायांत घुंगरू बांधून गात, आणि हिंदु-मुसलमान दोघेहि ऐकावयास बसत. १ नोव्हेंबर १९३९ रोजीं रूक स्टेशनावर त्यांना गोळ्या घालण्यांत आल्या. २०१० सालीं भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें. त्यांचीं पदें ऐकणाऱ्या नातवाला प्रत्येक शब्द कळत नसेल. पण आजी कोणत्या ओळीला डोळे पुसते हें त्याला कळतें, आणि अर्थ विचारण्याची सुरवात तेथून होते.

तिसरा धागा प्रत्यक्ष जाण्याचा. १९७४ च्या सप्टेंबरांत दोन्ही देशांत तीर्थयात्रेसंबंधीं करार झाला आणि त्या अन्वयें यात्रेकरूंचे जथे सिंधला जाऊं लागले. लालकृष्ण अडवाणी २००५ सालीं कराचीस गेले तेव्हां सेंट पॅट्रिक या आपल्या शाळेंत मुद्दाम जाऊन आले. एवढ्या मोठ्या पदावर चढलेल्या माणसाला सुद्धां शाळेच्या वर्गांत पुन्हा उभें राहावेंसें वाटलें, यांत नवल नाहीं. पण हा धागा सर्वांत कच्चा. २०२५ च्या एप्रिलांत पहलगाम येथें निरपराध प्रवाशांचे बळी गेले आणि त्यानंतर सरहद्दीचीं दारें मिटलीं. दोन सरकारांच्या मर्जीवर ज्याची भेट अवलंबून आहे अशा गांवाची वाट पाहत मुलांनीं बसूं नये. मूळ शोधावयाचें तें आधीं घरांतच शोधलें पाहिजे.

त्यासाठीं फार कांहीं लागत नाहीं. दोनशें पानांची एक वही पुरे. पहिल्या पानावर गांवाचें नांव, तालुक्याचें नांव, गल्लीचें नांव. मग घरांत खोल्या किती, पाणी कोठून येई, शेजारी कोण, शाळेचे मास्तर कोण, आजोबांचा धंदा काय, कोणत्या बोटीनें किंवा कोणत्या गाडीनें निघाले, बरोबर काय घेतलें आणि काय राहिलें. आजी सांगेल तें तिच्याच शब्दांत, चार वेगळ्या ध्वनींसुद्धां, लिहावें. आवाज टिपून ठेवण्याची सोय तर आतां प्रत्येकाच्या खिशांत आहे. मराठी शाळेंतल्या गुरुजींनीं 'माझें गांव' हा निबंध घालतांना वर्गांतल्या सिंधी मुलाला अचलपुराबरोबरच शिकारपुरावरहि लिहूं द्यावें आणि तो वर्गापुढें वाचावयास सांगावें. इतर मुलांना एक नवें गांव कळेल, आणि त्या मुलाला आपलें गांव चारचौघांत सांगण्यासारखें आहे हें कळेल. ज्याच्या घराची एकदां टवाळी झाली त्याच्या घराची एकदां चौकशी झाली, तर शेजारधर्माची थोडी फेड होते.

मात्र यांत दिरंगाई चालणार नाहीं. १९४७ सालीं जें मूल दहा वर्षांचें होतें तें आज नव्वदीच्या घरांत आहे. सक्करचा पूल, हैद्राबादच्या घरांवरचे वाऱ्याचे झरोके, सिंधूचा पूर हें सारें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें आपल्या वस्त्यांतून आतां बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत. दुपारच्या वेळीं तीं ओसरीवर बसलेलीं असतात आणि कोणी विचारील याची वाट पाहत नाहींत, कारण पंचाहत्तर वर्षांत कोणी विचारलें नाहीं. ज्यांच्या घरीं असें माणूस आहे त्यांनीं वही आजच आणावी.